किती क्युसेक, किती वेळ?

आज १५ सप्टेंबर. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो. म्हैसूरचे दिवाणपद आणि कृष्णराजसागर धरण यांमुळे त्यांचे नाव कर्नाटकाशी जोडले गेले, ते योग्यच आहे. पण अभियंता म्हणून ते घडले महाराष्ट्रात. शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाले, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नाशिकला पहिली नेमणूक झाली, आणि पुढे खानदेश, पुणे करत उमेदीची बरीच वर्षे याच मातीत गेली. दख्खनच्या कालव्यांवर पाणीवाटपाची ‘ब्लॉक पद्धत’ त्यांनी मांडली. १९०३ साली खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढले की ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. भिंतीची उंची न वाढवता धरणात जादा पाणी राहू लागले आणि पुराचा धोकाही वाढला नाही.

आज ठिकठिकाणी त्यांच्या तसबिरीला हार घातले जातील, सत्कार होतील, भाषणे होतील. ते सगळे व्हावेच. आम्हाला मात्र या निमित्ताने त्यांच्या व्यवसायातल्या एका शब्दाविषयी बोलायचे आहे. हा शब्द आता अभियंत्यांपुरता राहिलेला नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तो नदीकाठच्या प्रत्येक घरात असतो, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत असतो, मध्यरात्री मोबाइलवर येऊन माणसाला जागे करतो. तो शब्द म्हणजे क्युसेक.

खडकवासल्यातून मुठेत इतके हजार क्युसेक, कोयनेचा विसर्ग इतक्यावर नेला, अलमट्टीतून इतके लाख क्युसेक. आकडा वाढला की छातीत धस्स होते, उतरला की जीव भांड्यात पडतो. पण या आकड्याचा अर्थ काय, असे कुणाला विचारले तर बहुतेक वेळा उत्तर येते, ‘एवढे पाणी सोडले.’ हे उत्तर चुकीचे आहे आणि ही चूक साधी नाही. क्युसेक हे पाणी किती, याचे माप नाही. पाणी कोणत्या दराने वाहते आहे, याचे ते माप आहे. एखाद्या जागेवरून एका सेकंदात एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर पाणी पुढे गेले तर तो प्रवाह एक क्युसेकचा. सेकंद त्या शब्दाच्या पोटातच आहे. म्हणून ‘३५ हजार क्युसेक प्रतिसेकंद’ असे लिहिणे म्हणजे गाडीचा वेग ‘ताशी ६० किलोमीटर प्रतितास’ असा सांगणे. आणि ‘धरणात ३५ हजार क्युसेक पाणी साठले’ या वाक्याला तर काहीच अर्थ नाही, कारण साठा दराने मोजता येत नाही. ही दोन्ही वाक्ये आपल्याकडे दर पावसाळ्यात छापून येतात आणि वाहिन्यांवर बोलली जातात. ती छापणाऱ्यांत आम्हीही आलो.

हे केवळ भाषाशुद्धीचे प्रकरण असते तर त्यावर अग्रलेख लिहिण्याचे कारण नव्हते. दर आणि साठा यांची गल्लत झाली की पुराच्या रात्री माणसे चुकीचा निर्णय घेतात, आणि दोन राज्ये पाण्यावरून भांडताना एकमेकांना चुकीचे आकडे ऐकवतात. म्हणून या शब्दाच्या मुळाशी जायला हवे.

क्युसेक आपल्याकडे रुजला तो पुरापेक्षा कालव्यांमुळे. फूटभर रुंदीची एक सरळ चारी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात फूटभर खोल पाणी आहे आणि ते सेकंदाला एक फूट या संथ गतीने पुढे सरकते आहे. हा झाला एक क्युसेक. त्यात पडलेले वाळके पान शेजारून चालणाऱ्या माणसाच्याही मागे राहील, इतका तो प्रवाह शांत. आता हे पाणी तासभर शेतात घेतले तर ३,६०० घनफूट होते. एक एकर रानावर एक इंच पाणी उभे करायला लागते ३,६३० घनफूट. म्हणजे एक क्युसेक पाणी एक तास दिले की एक एकर एक इंच भिजले. दिवसभर दिले तर एका एकरावर जवळजवळ दोन फूट पाणी. हा हिशेब तोंडी करता येतो, कागद लागत नाही. कालव्यावर राबणाऱ्यांना हे माप सोयीचे वाटले ते यामुळेच.

कालव्यावर क्युसेक कधी एकटा फिरत नाही. शेजपाळीच्या कागदावर चारीला किती क्युसेक हे जितके महत्त्वाचे, तितकेच कोणाचे पाणी कोणत्या वारी किती वाजता सुरू होणार आणि किती वाजता पुढच्याला जाणार हेही महत्त्वाचे असते. पाटकऱ्याशी शेतकऱ्याचे भांडण होते ते बहुधा तासांवरूनच. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर पाणीवापर संस्थांनी मोजून पाणी घेण्याची शिस्त लावली, तिथल्या शेतकऱ्यांना दर आणि वेळ यांचा गुणाकार म्हणजेच पाणी, हे कुणी शिकवावे लागत नाही. घनमापनावर पाणीपट्टी भरणारा माणूस हा गुणाकार विसरूच शकत नाही.

पुराच्या बातमीत आला तेव्हा मात्र हा शब्द एकटाच आला. तास मागे राहिला. आमचे म्हणणे एवढेच आहे की क्युसेकला त्याचा तास परत जोडून द्या.

तास जोडला की काय दिसते, ते खडकवासल्याच्याच उदाहरणावर पाहू. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे ९ लाख ९० हजार लिटर. उन्हाळ्यात वाड्या-वस्त्यांवर फिरणारा दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दर सेकंदाला ९९ टँकर. हा प्रवाह चोवीस तास राहिला तर तीन टीएमसी पाणी होते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि साधारण ११,६०० क्युसेक दिवसभर वाहिले की एक टीएमसी भरते. एवढे एक समीकरण पाठ असले तरी पावसाळ्यातल्या निम्म्या बातम्या उलगडतात. आता खडकवासल्याची स्वतःची साठवण आहे १.९७ टीएमसी. म्हणजे ३५ हजार क्युसेकने पाणी सोडले आणि वरून थेंबही आला नाही, तर पूर्ण भरलेले खडकवासला सोळा तासांच्या आत रिकामे होईल. उलट बाजूने पाहा. तेवढाच येवा धरणात येत असेल आणि दरवाजे मिटून ठेवले, तर रिकामे धरणही सोळा तासांच्या आत काठोकाठ भरेल.

पाणी आधीच का सोडले नाही, आणि आता एकदम एवढे का सोडले, असे पुणेकर दर वर्षी विचारतात. रागही रास्त असतो. पण वर पानशेत, वरसगाव, टेमघर ही मोठी धरणे, आणि त्यांच्या खाली पावणेदोन-दोन टीएमसीचे हे छोटे धरण. वरची धरणे भरून सांडव्यावरून वाहू लागली आणि मधल्या मोकळ्या पाणलोटात मुसळधार पाऊस झाला, तर खडकवासल्याला पाणी धरून ठेवायला जागाच नसते. तिथल्या अभियंत्याच्या हातात दिवस नसतात, तास असतात. याउलट कोयना १०५ टीएमसीची. तिथून ५० हजार क्युसेक सोडले तर पूर्ण भरलेले धरण रिकामे व्हायला चोवीस दिवस लागतील. कोयनेला थोपवता येते, आठवडाभराचा अंदाज घेऊन आधी जागा करून ठेवता येते. दोन धरणांच्या बातम्या मात्र एकाच साच्यात येतात: इतके दरवाजे, इतके क्युसेक, नागरिकांनी सतर्क राहावे.

सतर्क राहावे म्हणजे काय करावे? २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा खडकवासल्यातून मुठेत सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्ग सुरू होता. तळमजल्यांवरच्या लोकांना काही हलवायला सवड मिळाली नाही. सूचना वेळेत मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. विसर्गाचे आकडे त्या रात्री नव्हते असे नाही. पण समजा तो आकडा रात्री दहा वाजता तुमच्या मोबाइलवर आला. तळमजल्यावर म्हातारे आई-वडील झोपले आहेत, खाली गाडी लावली आहे. ३५ हजार हा आकडा तुम्हाला काय सांगतो? पाणी किती वाजता पोहोचेल, किती चढेल, पायरीपर्यंत की पलंगापर्यंत, सकाळपर्यंत राहील की दोन दिवस? यांतले काहीही त्या आकड्यात नाही. तो आकडा धरणावरच्या अभियंत्यासाठी पूर्ण आहे. तुमच्यासाठी तो अर्धाही नाही.

नदीकाठच्या लोकांनी ही उणीव आपापल्या परीने फार पूर्वी भरून काढली. नाशिकला गोदावरीला पूर आला की गंगापूर धरणातून किती सोडले हे नंतर विचारतात, आधी विचारतात की रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले. गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. त्या एका उत्तरावरून सराफ बाजारातला दुकानदार ठरवतो की माल वर उचलायचा की नाही. नृसिंहवाडीला दत्तमंदिराच्या दक्षिणद्वारापर्यंत कृष्णा आली की काठावरच्या गावांना पुढचे कळते. पुण्यात भिडे पूल पाण्याखाली गेला का, हाच पहिला प्रश्न असतो. कोल्हापूरची नजर राजाराम बंधाऱ्यावर, इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. सांगलीची आयर्विन पुलावर, तिथे इशारा ४० आणि धोका ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या आणि आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा सांगली-कोल्हापुरात घराघरांत फुटांचीच चर्चा होती. कोणत्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी येते, हे तिथल्या शाळकरी मुलांनाही सांगता येते.

ही सगळी मापे शास्त्रशुद्ध आहेत, हे मुद्दाम सांगायला हवे. अभियंतेही नदीच्या ठराविक जागी पातळी आणि प्रवाह यांचा मेळ घालणारा आलेख तयार करतात. पट्टीवर इतके फूट, तर नदीतून इतके क्युसेक. पात्राचा छेद मोजतात, प्रवाहमापक पाण्यात सोडून वेग मोजतात, दोहोंचा गुणाकार करतात आणि वर्षानुवर्षे हे आकडे जमवून तो आलेख पक्का करतात. दुतोंड्या मारुतीची कंबर हा त्याच आलेखावरचा एक बिंदू आहे, एवढेच की तो नाशिककरांनी पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी मांडला. खडकवासल्याजवळचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून हे काम करत आहे, नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. ज्ञान आपल्या दारात आहे. दाराच्या आत, सामान्य माणसाच्या हातात ते फुटांत आणि तासांत जायला हवे.

पातळी सांगायची ती आणखी एका कारणासाठी. क्युसेक तेवढेच राहिले तरी फूट बदलतात. रुंद पात्रात जे पाणी मुकाट्याने निघून जाते, तेच पात्र आवळले की काठावर चढते. आपल्या शहरांनी नद्यांच्या पात्रांत राडारोडा टाकला, भराव घातले, रस्ते नेले, ओढे बुजवले. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या विसर्गाला जे घर कोरडे राहिले, ते आज त्याच विसर्गाला कोरडे राहीलच असे नाही. ‘पूर्वी याच्यापेक्षा जास्त क्युसेक सोडले होते, तेव्हा काही झाले नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच धोक्याचा आहे. तो काठावरची माणसेही करतात आणि बांधकामाला परवानगी देणारे अधिकारीही करतात. पूररेषेचेही तेच. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. त्या रेषा म्हणजे विशिष्ट क्युसेकचे पाणी जमिनीवर कुठवर पसरेल, याचाच नकाशा. पात्र बदलले की रेषाही बदलायला हवी. शिवाय शंभर वर्षांत एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असा अर्थ नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा तो अर्थ आहे.

दरवाजांची गोष्ट थोडक्यात. ‘अमुक धरणाचे इतके दरवाजे उघडले’ हा मथळा सर्वांत भीतिदायक आणि सर्वांत पोकळ. गोसीखुर्दला ३३ दरवाजे आहेत, जायकवाडीला २७, कोयनेला सहा. जायकवाडीचे अठरा दरवाजे अर्धा फूट उचलले तर तिथून साधारण साडेनऊ हजार क्युसेक बाहेर पडतात. कोयनेचे सहाच दरवाजे काही फूट उचलले तर त्याच्या कितीतरी पट. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे, एकेकातून १,४२८ क्युसेक, सातही उघडले तरी दहा हजारांच्या आत. दरवाजा किती उचलला आणि त्याच्यामागे पाण्याची उंची किती, हे सांगितल्याशिवाय दरवाजांच्या संख्येतून काहीच कळत नाही. आणि जाता जाता हेही सांगायला हवे की ‘३५,५७४ क्युसेक’ यातले शेवटचे आकडे नदीत कुणी मोजलेले नसतात. दरवाजाची उघडीप आणि पाण्याची उंची सूत्रात घालून ते येतात. अशा गणितात काही टक्के इकडेतिकडे होणारच. बातमीत ‘साडेपस्तीस हजारांच्या आसपास’ म्हटले तर ते जास्त खरे ठरेल.

खरी गोंधळाची जागा आहे ती मापांच्या भाऊगर्दीत. पश्चिम महाराष्ट्र टीएमसीत बोलतो. नाशिक-नगरकडे दशलक्ष घनफूट, त्यामुळे भंडारदरा ११,०३९ दलघफूचे आणि मुळा २६ हजार दलघफूचे. मराठवाडा, विदर्भ दशलक्ष घनमीटरमध्ये. मुंबईची सात तलावांची साठवण दशलक्ष लिटरमध्ये मोजतात, १४ लाख ४७ हजार आणि काही. टीएमसीत ती ५१ भरते, पण हे मुंबईकराला कुणी सांगत नाही. साठ्याच्या मापांतला गोंधळ एक वेळ चालेल. प्रवाहाच्या मापातला चालणार नाही. विदर्भात वैनगंगेवर विसर्ग अनेकदा क्युमेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनमीटरमध्ये सांगतात. एक क्युमेक म्हणजे ३५ क्युसेकपेक्षा थोडे जास्त. हजार क्युमेक ऐकून एखाद्याने ते हजार क्युसेक समजले, तर पस्तीस पट चुकले. क्युमेक आणि क्युसेक, एका अक्षराचा फरक. रात्री घाईत टाइप केलेल्या निरोपात तो सहज होऊ शकतो, आणि तो निरोप पुढे शंभर गटांत जातो. राज्याच्या जलसंपदा विभागाने नागरिकांसाठीच्या सूचनांत तरी एकच माप वापरायचे ठरवावे. कोणते, याला फार महत्त्व नाही. गडचिरोलीपासून सांगलीपर्यंत तेच असावे, याला आहे.

पूर सोडला तर पाण्याचे तंटेही याच शब्दावर पेटतात. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाला दहा दिवस रोज १५ हजार क्युसेक कावेरीचे पाणी तमिळनाडूला सोडायला सांगितले. रस्त्यावर ‘१५ हजार’ हाच आकडा होता. पण निकालाचा जीव ‘दहा दिवस’ या दोन शब्दांत होता, कारण १५ हजार क्युसेक दहा दिवस म्हणजे जवळजवळ १३ टीएमसी. पुढे न्यायालयाने आदेश बदलून आकडा १२ हजारांवर आणला, तरी त्याच दिवशी बंगळूर पेटले. कृष्णेच्या पाण्यात महाराष्ट्राचा वाटा बच्छावत लवादाने ठरवला तो ५६० टीएमसी, तो साठ्याचा हिशेब. २०१९ च्या महापुरानंतर अलमट्टीचा वाद झाला तो विसर्गाचा, दराचा हिशेब. या दोन हिशेबांची सभेत आणि वाहिनीवर सरमिसळ होते, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा खरा ठरतो. वाटाघाटीला बसणाऱ्याला दर आणि साठा यांतला फरक कळत नसेल, तर त्याने बसू नये.

याच शब्दाची दुसरी बाजूही आहे आणि ती आनंदाची आहे. मुठेतले पाणी मुळा-मुठेतून भीमेत जाते आणि दौंडला पोहोचते. दौंडचा विसर्ग किती, हे सोलापूर जिल्हा पावसाळाभर रोज बघतो, कारण ते पाणी उजनीत जाणार असते. पुण्यात ज्या आकड्याने घरे रिकामी होतात, त्याच आकड्याने माढ्या-करमाळ्यात उसाची आणि पिण्याच्या पाण्याची चिंता मिटते. नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून गोदावरीत किती सोडले, याकडे मराठवाडा तसाच डोळे लावून बसतो, कारण ते जायकवाडीला मिळणार असते. तिथे लोक लगेच पुढचा प्रश्न विचारतात: किती दिवस चालेल? तहानलेल्या माणसाला हा प्रश्न आपोआप सुचतो, कारण त्याला साठा हवा असतो. पुराच्या भीतीने मात्र आपण दरावरच थांबतो. खरे तर पुरातही हाच प्रश्न पहिला हवा. २० हजार क्युसेक तीन तास आणि २० हजार क्युसेक तीन दिवस, हे दोन वेगळे पूर आहेत.

हैदराबादला २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हाहाकार माजवला. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना तिथे बोलावले गेले. पाणलोटातल्या पावसाचा अभ्यास करून त्यांनी शहराच्या वरच्या बाजूला पुराचे पाणी अडवणारे जलाशय सुचवले. त्यातून पुढे उस्मान सागर आणि हिमायत सागर उभे राहिले. पुराचे पाणी अडवण्याच्या कोणत्याही योजनेचा पाया एकच असतो: किती दराने येईल आणि किती वेळ येत राहील, हे दोन्ही मोजायचे. दोन्ही मोजल्याशिवाय किती साठवण लागेल हे सांगता येत नाही. त्यांचे नाव घेणाऱ्या खात्याकडून, त्यांचा दिवस साजरा करणाऱ्या संस्थांकडून आम्ही याहून जास्त काही मागत नाही.

मागणी तशी छोटी आहे. धरणावरून येणारी सूचना अशी असावी: रात्री १० वाजल्यापासून विसर्ग २५ हजार क्युसेक, पहाटे ४ पर्यंत तरी असाच राहील. शहरातल्या अमुक पुलापाशी पाणी इतक्या वाजता पोहोचेल, तिथली पट्टी इतक्या फुटांवर जाईल. तेवढ्या पातळीला अमुक रस्ता बंद होतो, अमुक वस्तीच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी येते. विसर्ग वाढणार असेल तर दोन तास आधी पुन्हा कळवू. हे सांगण्यासाठी नवे यंत्र लागत नाही. धरणावर विसर्गाचे गणित होतेच, नदीवर पट्ट्या आहेत, कोणत्या पातळीला कोणता उंबरा बुडतो हे त्या वस्तीतल्या लोकांना तोंडपाठ आहे. ही तीन टोके जोडणारा माणूस नेमलेला नाही. प्रत्येक पूरप्रवण शहराच्या पूर नियंत्रण कक्षात या एकाच कामासाठी एक अभियंता पावसाळाभर असावा आणि त्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक काठावरच्या प्रत्येक सोसायटीच्या फलकावर असावा. नुसता विसर्गाचा आकडा पुढे पाठवून आपली जबाबदारी संपली, असे कोणत्याही अधिकाऱ्याने समजू नये.

वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनीही मथळ्यात दरवाजांची संख्या मिरवणे थांबवावे आणि क्युसेकचा आकडा वेळेशिवाय छापू नये. आम्ही हे आजपासून पाळणार आहोत.

आणि वाचकहो, परतीचा पाऊस अजून बाकी आहे, धरणे भरलेली आहेत. तुमच्या गावावरून जाणाऱ्या नदीची पट्टी कुठे आहे, तिच्या कोणत्या फुटाला तुमच्या गल्लीत पाणी येते, धरणापासून तुमच्यापर्यंत पाणी यायला किती तास लागतात, हे या आठवड्यात विचारून घ्या आणि दारामागे लिहून ठेवा. विसर्गाचा पुढचा निरोप आला की तो पुढे पाठवण्याआधी नियंत्रण कक्षाला दूरध्वनी करा आणि विचारा: किती वाजल्यापासून, किती वेळ, आणि आमच्या पुलापाशी किती फूट?